चेन

सरक थोडा, रेयो. तो आलाच आता.
बाविसाव्या मिनिटाला दिवा तीनदा मिचकतो,
मग नळीतून वाफ, मग पंजा.
तेव्हा तू माझ्या बाहीत तोंड खुपसायचास
आणि मी, तुझ्यापेक्षा चार वर्षांनी शूर,
डोळे घट्ट मिटून सांगायचे: काही नाही, काही नाही.

सडबरीत तेव्हा झाडं नव्हती.
धुराड्याखाली भाजून काळे पडलेले खडक नुसते.
चंद्रावर जायच्या आधी माणसं
आपल्याकडे दगड बघायला येऊन गेली,
असं इसा सांगायचा, खाणीतून वर आल्यावर, बूट काढता काढता.
त्यामुळे पडद्यावरचा परका ग्रह
आपल्याला परका वाटलाच नाही.
डोनोव्हनच्या मागच्या टेकडीसारखाच होता,
फक्त तिथे किराणा मिळत नव्हता.

सिनेमा घडतो एकोणीसशे सत्त्याण्णवात.
ते इतकं लांब होतं
की तिथवर पायी पोचता येईल, असं वाटलं नव्हतं.
सत्त्याण्णवात मी काय करत होते?
घटस्फोटाचे कागद, गाडीचा सायलेन्सर, आईचा मोतीबिंदू.
अंतराळात कुणीच गेलं नाही आपल्यातलं.
तू थंडर बेपर्यंत गेलास
आणि परत आलास.

कॅसेट इसाने टीव्हीवरून उतरवलेली.
मध्येच टायरची जाहिरात, सोफ्यांचा सेल,
खाली सरकणारी पट्टी: वादळाचा इशारा, उद्या शाळा बंद.
ती शाळा आता कायमचीच बंद.
सोफ्यावर बसून हसणारी ती बाई
कुठे असेल, असेल का –
राक्षसापेक्षा हल्ली मला तिचीच धास्ती वाटते.

दहाव्या वर्षी बोबडी वळायची.
पंधराव्या वर्षी त्याच्या पाठीवरची चेन दिसली,
मानेपासून माकडहाडापर्यंत, पितळी, लखलखीत.
निघालाय विश्वाचा संहार करायला
आणि मागून शाळेच्या जॅकेटसारखा!
लोळलो हसून हसून.
किती वर्षं पुरली ती चेन आपल्याला.
इसाला पुरून आलो त्या संध्याकाळी, सॉनात,
तू एवढंच म्हणालास, "चेन",
आणि आई दाराबाहेरून ओरडली, लाज वाटत नाही?

जहाजावरचा तो म्हातारा इंजिनियर,
सगळ्यांत आधी मरतो तो,
कुठेतरी वाचलं, तेव्हा त्रेचाळीसचा होता.
पोरगं आहे रे. अंधाऱ्या बोगद्यात शिरताना
त्याला मी मफलर घाल म्हणणार होते.

मग परवा तुझ्या मेरवीने नवी प्रत धाडली,
धुऊनपुसून लख्ख केलेली.
ताऱ्यांवरची धूळ गेली. सोफा नाही, वादळ नाही.
तू बघत होतास, थरथरते हात मांड्यांखाली दाबून.
हल्ली माझं नाव तुला खिशात चाचपावं लागतं,
सापडलं तर सापडलं.
तरी तो वळला, पाठमोरा झाला,
आणि तू उठून उभा राहिलास:
"इर्या, चेन कुठे गेली?"

नव्हतीच. कुणीतरी पुसून टाकलेली, दात न् दात.
सलग पाठ, ओली, खवल्यांची.
आता तो अगदी खरा होता
आणि जगात त्याचं कुणी नव्हतं.
पन्नास वर्षांत मला सुचलं नव्हतं ते तेव्हा सुचलं,
आत एक माणूस असायचा,
घामाने निथळणारा, स्वतःच्या पाठीपर्यंत हात न पोचणारा.
रोज सकाळी कुणीतरी म्हणत असेल त्याला, वळ,
आणि ओढून देत असेल वर.

तुला सोडायला निघालो तर उणे सव्वीस.
पार्का चढवला, मी खाली वाकले.
माझा चष्मा धुरकटलेला, दात जुळेनात,
अर्ध्यावर अडकली.
"हलू नकोस," म्हटलं.
तू हलला नाहीस.
दोन्ही पंजे तेवढे वर केलेस
आणि घशातून तो आवाज काढलास,
बाविसाव्या मिनिटाचा.